पावणेतीन मीटर

"किती फाडू, वहिनी?"

काउंटरमागच्या भाऊंनी कात्री उघडून कापडाच्या कडेला टेकवली होती. निळ्या बारीक चौकड्याचं सुती शर्टिंग, छत्तीस इंच पन्ह्याचं. प्रश्न नेहमीचाच होता, पण ती कापडाची कड बोटांत चोळत राहिली.

घरून निघताना नवऱ्याने आकडा सांगून ठेवला होता. "पावणेदोन. वर बोटभरही नको. बाही अर्धीच कर, सलाईनची सुई टोचायला बरं पडतं."

आणि त्याचा आकडा चुकत नाही, हे या दुकानाइतकं कुणाला ठाऊक? एकतीस वर्षं तो याच काउंटरला उभा होता. गिऱ्हाईक रंग, नक्षी बघत बसलं की हा म्हणायचा, "ते नंतर, आधी पन्हा बघा, कापड रुंद किती ते." म्हणून सगळे त्याला पन्हाकाका म्हणत. माणसावर एक नजर टाकून शर्टाचं, खिडक्या ऐकून पडद्यांचं, सोफ्यावर किती जण बसतात तेवढं विचारून खोळींचं कापड तो सांगून मोकळा व्हायचा. त्याने सांगितलेलं कधी कुणाला कमी पडलं नाही, आणि उरलं तर रुमालापुरतं. त्याच्या स्वतःच्या शर्टाला मात्र पावणेतीन लागायचं. अंगानेच तसा होता.

आता पावणेदोन म्हटलं, की भाऊंना पुढे काही विचारावंच लागणार नव्हतं. 'बरे आहेत, थोडा अशक्तपणा आहे इतकंच,' असं गेले चार महिने ती इथे सांगत आली होती. ते सगळं एका आकड्यात उघडं पडलं असतं. भाऊंपुढे, आणि तिच्याही पुढे.

"पावणेतीन," ती म्हणाली. "नेहमीसारखं."

भाऊंचा चेहरा खुलला. "म्हणजे काका सावरले की! मी म्हणतच होतो. त्यांना कमी कापडात बसवलं तर बटणं उडून गिऱ्हाइकाच्या डोळ्यात जायची!"

कापड टर्रकन फाटलं. तीही हसली. हसता आलं याचंच तिला नवल वाटलं.

घरी तो खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसला होता. पुडकं न उघडताच त्याने ते तळहातावर तोललं.

"पावणेतीन."

"भराल हो तुम्ही परत. मग पुन्हा कोण शिवत बसणार?"

"अगं, इतक्या वर्षांत एकदाच थाप मारलीस, तीही कापडाची? आणि माझ्याकडे?"

टेप घेऊन तिने त्याच्या छातीभोवती वेढली. पूर्वी हे माप घेताना तिचे हात पाठीमागे पोचायचे नाहीत, आणि तो मुद्दाम श्वास भरून छाती फुगवायचा. आता टेपची शेपटी लांबच लांब लोंबत राहिली.

"चाळीस," ती म्हणाली.

"कुठल्या टोकाकडून वाचतेस?"

ती वहीवर वाकली. पेन्सिल हलेना.

"चौतीस लिही," तो हळूच म्हणाला. "लिही गं. घेतलेलं माप लिहावं लागतं."

तिने लिहिलं. मग जमिनीवर कापड पसरून, तो सांगेल तसा खडू मारत गेली.

"मीटरभर उरतंय," ती म्हणाली. आवाजात थोडी तक्रार होती, जशी काही उरण्यात त्याचीच चूक होती.

"मी उरू देईन होय?" त्याने खुर्चीच्या गादीवर हात ठेवला. खोळ विटून जागोजाग उसवली होती. "बसायची गादी अठरा, शिलाईसकट बावीस. पाठीला सतरा. एकोणचाळीस इंच. मीटरात बसलं."

"शर्टाचं कापड खुर्चीला?" ती बघतच राहिली. जन्मभर याच गोष्टीवरून त्याने गिऱ्हाइकांना दटावलं होतं. "तुम्हीच सांगता ना, टिकत नाही म्हणून? वर्षभरात विरेल हे."

"मग? मला कुठं वर्षभर हवंय?"

कात्री तिच्या हातात तशीच राहिली.

"चौकडे जुळव मात्र," तो म्हणाला. "गादीची रेघ पाठीत सरळ चढली पाहिजे. लोक बघतात."

आठवड्यात दोन्ही शिवून झालं. नवा शर्ट घालून तो नव्या खोळीवर बसला, तेवढ्यात चार वर्षांची नात खेळून धावत आली आणि दारातच थबकली.

"आजोबा, तुम्ही दिसतच नाही! नुसती खुर्चीच दिसतेय!"

तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली. "शोध मग!"

नातीने दोन्ही हातांनी चाचपत त्याला शोधलं. गुडघा सापडला, पोट सापडलं, शेवटी नाक. आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, हसत होती आणि डोळे पुसत होती. मग तो खेळच होऊन बसला. रोज आजोबा हरवायचे, रोज सापडायचे. सात आठवडे चालला.

त्याला जाऊन आता दीड वर्ष झालं. शर्ट त्याच्याबरोबर गेला. खोळीचा मात्र अजून एकही धागा सुटलेला नाही. त्याचा तेवढा एकच अंदाज चुकला. नातीशिवाय त्या खुर्चीत कुणी बसत नाही.

नात बसते, चित्रं काढायला. पण बसण्याआधी वही बाजूला ठेवते, दोन्ही हातांनी गादी चाचपते, मग पाठ चाचपते. आणि कुणी नाही अशी खात्री झाल्यावरसुद्धा एका कडेला सरकून, अर्ध्याच जागेत बसते.