उतरायच्या आधी दिलेले पाच तारे

"अगं, बस ना जरा. बाकाला काय खिळे आहेत?"

"आत्ता बसलेच होते की," म्हणत भिंगरी पुन्हा उठली आणि बंद दाराच्या काचेतून आत डोकावून आली. आतल्या लोकांचं अजून आटपलं नव्हतं. तडजोड मंचाने साडेदहाची वेळ दिली होती आणि ही बाई साडेनवालाच नवऱ्याला घेऊन हजर. नवरा तासाभरापासून वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होता. तीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारलेला माणूस तो, त्याला कसलीच घाई नसायची.

तिचं खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं होतं. लहानपणी आई म्हणाली होती, "या पोरीच्या पायाला भिंगरी लावलीय," आणि तेच नाव सासरी आलं, कारखान्यातही गेलं. भात शिजायच्या आधी हिची ताटं मांडलेली. पाहुणे "निघतो" म्हणायच्या आत त्यांच्या चपला दाराशी सरळ करून ठेवलेल्या. त्यावरून नणंद दोन वर्षं बोलत नव्हती, पण हिच्या ते गावीही नव्हतं.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती बावीस वर्षं कापणीच्या टेबलावर होती. कापडाचे चाळीस थर एकावर एक, वर पुठ्ठ्याचे साचे ठेवून खडूच्या रेघा, आणि मग उजव्या हाताने मशीन चालवायचं. एक सूत इकडेतिकडे झालं तर चाळीस सदरे वाया. इथे मात्र तिची घाई कुठे जायची कोण जाणे. मालकीणबाई म्हणायच्या, "भिंगरी मशीनला हात लावते तेव्हाच काय ती श्वास घेते."

तो उजवा हात आता काळ्या पट्ट्यात बांधलेला होता. अंगठा आणि दोन बोटं जागच्या जागी होती, पण बटणही लागत नव्हतं. मनगटातली नस चिरडली होती. डॉक्टरांनी आणखी एक ऑपरेशन सांगितलं होतं, मग वर्षभर व्यायाम, "आणि मग बघू." हे "मग बघू" तिच्या डोक्यात दिवसरात्र भुणभुणत होतं.

झालं होतं ते असं. पाच महिन्यांपूर्वी ती मोबाइलवरून गाडी मागवून सुईदोऱ्याच्या मोठ्या दुकानात निघाली होती. दुकान तीनशे पावलांवर राहिलं आणि पुढे कचऱ्याची गाडी आडवी आली. ड्रायव्हरच्या मोबाइलवर पुढचं भाडं वाजत होतं. हिची चुळबुळ सुरू झाली. "अहो दादा, राईड संपवून टाका. तुम्हाला पुढचं भाडं मिळेल. मी काय, समोरच उतरते." त्याने बटण दाबलं. लगेच हिच्या मोबाइलवर प्रश्न आला, प्रवास कसा झाला? काम मागे ठेवायचं म्हणजे हिच्या जिवावर यायचं. तिने तिथल्या तिथे पाच तारे देऊन टाकले. कचऱ्याची गाडी हलली, यांची निघाली, ड्रायव्हरने नव्याने वाजलेलं भाडं घ्यायला मान खाली घातली, आणि समोरच्या खांबाने पुढचं सगळं ठरवलं.

तारे दिल्यापासून खांबापर्यंत त्रेचाळीस सेकंद. गाडी पुरवणाऱ्या कंपनीच्या पत्रात हा आकडा ठळक छापला होता. प्रवास संपला होता, म्हणून प्रवाशांचा विमा लागू नाही, जे काय ते ड्रायव्हरकडून घ्या, असा त्या पत्राचा मथितार्थ. ड्रायव्हरचा विमा फक्त घरगुती गाडीचा, त्यात भाड्याचा प्रवासी बसत नव्हता. त्याच्याकडे होतं काय? ती चेपलेली गाडी आणि तिच्यावरचं कर्ज. पत्रासोबत आणखी एक कागद होता. माणुसकी म्हणून कंपनी थोडी रक्कम देईल, चेक लगेच, फक्त "प्रवास पूर्ण झाला होता" याखाली सही करा. त्या पैशात ऑपरेशन सोडा, ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्याही झाल्या नसत्या. तरीसुद्धा कागद आला त्या दिवशी ती म्हणाली होती, "देऊन टाकते, सुटले एकदाची." नवऱ्याने कागद उचलून सरळ कपाटात ठेवला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने तिच्या आधी काही केलं होतं.

"ताई."

ड्रायव्हर. गळ्याला पट्टा, अंगावर इस्त्रीचा सदरा. तो तिच्या बाकाजवळ वाकला. "ताई, एक सांगू? तारे चुकून दिले गेले म्हणा. हात लागला म्हणा. मीही म्हणतो, बटण माझ्याकडून चुकून दाबलं गेलं. दोघं एकच बोललो तर..."

"माझ्या हातून चुकून काही होत नसतं," ती फटकन म्हणाली. मग त्याचं उतरलेलं तोंड बघून तिलाच कसंनुसं झालं. बटण दाब म्हणून सांगणारी तीच होती. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला आणि वर त्या बापड्याच्याही. गेले पाच महिने हा विचार आला की ती उठून केर काढायची, डाव्या हाताने, काढलेल्या जागीच पुन्हा.

दार उघडलं. शिपायाने पुकारा केला.

आत लांब टेबलाच्या टोकाशी अध्यक्षबाई होत्या, पांढरे केस, निवृत्त न्यायाधीश. एका बाजूला कंपनीचा वकील, गोड बोलणारा, चकचकीत. "ताई, आम्हाला तुमच्याबद्दल वाईटच वाटतं," तो म्हणाला. "फक्त एक सांगा. पाच तारे तुम्हीच दिले?"

नवऱ्याने डोळे मिटले. ड्रायव्हर टेबलाकडे बघत राहिला.

"मीच दिले. आणि राईड संपवा असं यांना मीच सांगितलं."

"मग प्रश्नच मिटला. प्रवास संपल्याशिवाय तारे देताच येत नाहीत."

तिचा गुडघा टेबलाखाली हलत होता. उठून चालू पडावं, सही करावी, घरी जावं, असं आतून कुणीतरी ढकलत होतं. तिने डाव्या हाताने गुडघा दाबून धरला.

"वकीलसाहेब, मी कापड कापते. चाळीस थर मांडते, वर खडूने रेघ मारते. रेघ मारली म्हणजे सदरा कापून झाला का हो? रेघ मारून मी जेवायला जाते, तरी कापड अखंडच असतं. तसं तुमचं ते बटण. त्यांनी रेघ मारली, मीही मारली, घाई केली, चुकलंच. पण मी गाडीतच होते ना! सीटचा पट्टा लावलेला. दार बंद. दुकान तीनशे पावलं पुढे. मी उतरले ती बेशुद्ध होऊन, चौघांनी उतरवलं. तुमच्या मोबाइलला ते कळलं नाही, यात माझा काय दोष?"

"पण नियमाप्रमाणे..."

"आणि ड्रायव्हरने मान का खाली घातली, तेही विचारा ना! भाडं घ्यायला किती सेकंद मिळतात हो दादा, तुम्हाला?"

"पंधरा," ड्रायव्हर पुटपुटला. "नाही घेतलं तर भाडं जातं. तीनदा गेलं की दिवसभर चांगलं भाडं देत नाहीत."

"चूक यांची आहेच," भिंगरी म्हणाली. "मी नाही म्हणत नाही. पण पंधरा सेकंदांची घंटा यांच्या कानाशी कुणी बांधली? चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

वकील हसला, पण अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसून गाडीच्या मार्गाचा नकाशा जवळ ओढला, आणि रुग्णालयाचा कागदही. त्यावर खांद्यापासून पोटापर्यंत पट्ट्याचा वळ असल्याची नोंद होती. "ठरलेलं ठिकाण आलं नव्हतं, प्रवासी खाली उतरलेला नव्हता," त्या वकिलाला म्हणाल्या. "इथे मी निकाल देत नाही. पण हे प्रकरण पुढे न्यायालयात गेलं, तर त्रेचाळीस सेकंदांचा हा मुद्दा घेऊन तुम्ही उभे राहणार का, हे कंपनीला विचारून या."

वकील फोन घेऊन बाहेर गेला. पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात भिंगरीने खोलीतल्या खुर्च्या मोजल्या, फायलींचे गठ्ठे मोजले, नवऱ्याच्या सदऱ्याची सुटलेली शिवण दाखवून त्याला चार शब्द ऐकवले. तो म्हणाला, "घरी गेल्यावर घालशील टाका." आणि मग त्याची नजर तिच्या पट्ट्यातल्या हातावर गेली.

वकील आला. कंपनी प्रवाशांचा विमा लागू करायला तयार होती. ऑपरेशन, व्यायामाचा खर्च, बुडालेला पगार आणि कायमच्या नुकसानीची भरपाई. ड्रायव्हरच्या मागे वसुली लावणार नव्हते, मात्र कंपनीसाठी गाडी चालवायचं त्याचं खातं बंद ते बंदच. ड्रायव्हरने दोन्ही तळहात तोंडावर घेतले.

"जिंकलीस गं," नवरा कुजबुजला.

कारकुनाने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. ती भरभर वाचत गेली आणि चौथ्या ओळीवर अडकली. 'अर्जदार यापुढे उजव्या हाताने कापणीचे काम करण्यास कायमस्वरूपी असमर्थ असल्याचे अर्जदारास मान्य आहे.'

तिने त्या ओळीवर डाव्या हाताचं बोट ठेवलं. "हे काय? ऑपरेशन व्हायचंय अजून. डॉक्टर म्हणाले, मग बघू."

अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, भरपाई त्याचीच आहे. डॉक्टरांनी दाखल्यात तसंच लिहिलंय. तुम्हाला बोलले नसतील."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. म्हणजे याला ठाऊक होतं तर. भांडावं, ओरडावं, कागद फाडावा, असं भराभर मनात आलं आणि त्याच वेगाने ओसरलं. कापणीच्या टेबलावर दुसरी बाई उभी राहून चार महिने झाले होते. ती रेघेच्या बाहेर जाते, असं मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं, तेव्हा हिला वाईट आनंद झाला होता.

कारकुनाने पट्ट्यात बांधलेला हात पाहिला आणि शाईचा डबा पुढे केला. "अंगठा चालेल, बाई. डावा."

"मला लिहिता येतं," भिंगरी म्हणाली आणि डबा बाजूला सारला.

अध्यक्षबाईंनी आपलं शाईचं पेन उघडून तिच्या डाव्या हातात दिलं. तिने कागद तिरका केला, उजव्या कोपराने दाबून धरला. पहिलं अक्षर ओळीखाली घसरलं. दुसऱ्याला काना लावताना पेन अडलं, ती थांबली, पुन्हा टेकवलं. आखूड सही करा, असं वकील म्हणाला, पण तिने स्वतःचं नाव लिहिलं, वडलांनी ठेवलेलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. बाहेर पुढच्या लोकांचा पुकारा थांबला होता. कारकुनाने दोनदा घड्याळ पाहिलं.

शेवटची वेलांटी झाली तसा कारकुनाने कागद ओढायला हात पुढे केला.

"थांबा," ती म्हणाली. "शाई वाळू द्या."