टी अक्षराच्या गाड्या

बारसं न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या हॉलमध्ये होतं आणि बाळाचं नाव आधीच साऱ्या जगाला ठाऊक होतं. ते केकवर होतं, फुग्यांवर होतं, पाण्याच्या बाटल्यांवरसुद्धा चिकटवलेलं होतं. आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं खरं, पण तिला नवीन सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पणजीबाई शोभनाताई पहिल्या रांगेत ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. घरी निघताना गाडीत बसल्या बसल्या त्यांनी तोंड उघडलं.

"बारशाच्या आधी नाव काढू नये, एवढंही कळत नाही का या लोकांना? अनयाला मी फोनवर सांगितलं होतं, तू बाळाची आई, तू तरी थांब. म्हणाली, 'आजी, इट्स जस्ट अ नेम.' "

चाकावर त्यांचे यजमान, मनोहरराव. एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, गाडी अजून स्वतः चालवत, आणि लेकीनं किल्ली मागितली की बहिरे होत. रूट वनवर एडिसनचं ते मोठं शॉपिंग सेंटर आलं, तशी त्यांनी गाडी आत वळवली आणि पार्किंगमध्ये थांबवली. शोभनाताईंना वाटलं, यांना दूध घ्यायचं असेल.

"इथं आमची लाइन होती," मनोहरराव म्हणाले.

यात नवीन काही नव्हतं. फोर्डचा मेटुचेन कारखाना. नाव मेटुचेनचं, उभा मात्र एडिसनमध्ये. नागपूरहून इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आलेल्या मनोहररावांना अमेरिकेनं पहिलं काम दिलं ते इथं, मस्टँगच्या डाव्या दाराला आतलं अस्तर बसवायचं. कारखाना पाडून किती वर्षं झाली, तरी इथून जाताना ते वाक्य येणारच. पण आज त्याच्या पुढे आणखी एक वाक्य आलं.

"मीही बारशाच्या आधी नाव लिहिलं होतं. लताचं."

शोभनाताईंनी मान वळवली नाही. लता हे नाव त्या घरात छप्पन्न वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. ती त्यांची पहिली मुलगी. एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत नागपूरला, शोभनाताईंच्या माहेरी झाली आणि बारशाच्या आतच गेली. बाप सातासमुद्रापलीकडे. फोटो नाही, पत्रिका नाही, दवाखान्याचा कागद नाही, कारण बाळंतपण घरीच झालं होतं. नाव दोघांनी पत्रांतून ठरवलं होतं, पण ठेवलं कुणीच नव्हतं. जिला नावच नाही तिच्यासाठी रडायचं तरी काय म्हणून? शोभनाताईंना तेव्हा घरातल्या बायकांनी असंच समजावलं होतं, आणि अशा समजावण्यानं माणूस आतून कसं सडतं ते त्यांचं त्यांनाच माहीत.

मुलगी झाल्याची तार मिळाली त्या दिवशी मनोहरराव आनंदानं वेडे झाले होते. एरवी पाळीच्या पहिल्या दारावर, आतल्या पत्र्यावर, ते गुपचूप 'श्री' लिहीत आणि वरून अस्तर ठोकत. तपासणीवालेही पिवळ्या मेणखडूनं तिथंच खुणा करत, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नसे. त्या दिवशी मात्र हाताखालून गेलेल्या एकूण एक दारावर त्यांनी लिहिलं, लता. पुढे दुसरी तार आली. त्यानंतर त्यांनी कशावरच काही लिहिलं नाही, श्रीसुद्धा नाही.

"मला वाटलं, मी आधी लिहिलं म्हणून..." वाक्य पुरं करणं त्यांना जमेना. "म्हणून तुला कधी सांगितलं नाही."

आता ही रागावणार, असं धरून ते बसले होते. पण शोभनाताईंच्या आवाजात राग नव्हता. भुकेल्या माणसाला पलीकडच्या खोलीत ताट वाढल्याचा आवाज यावा, तसं काहीतरी होतं.

"मग ते कुठंय?" त्या म्हणाल्या. "मला बघायचंय."

इथून पुढे त्या म्हातारीनं घरच्यांना सळो की पळो करून सोडलं. लेक नैना जर्सी सिटीला राहायची. जन्म इथलाच, नोकरी बँकेत, मराठी बोलायची पण घाईत सुटून जायची. आपल्याला एक मोठी बहीण होती हे तिला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. दुसऱ्याच दिवशी ती लॅपटॉप घेऊन आली.

"आई, लिसन. त्या वर्षी मस्टँग तीन फॅक्टरीजमध्ये असेंबल व्हायची. गाडीच्या चासी नंबरातलं दुसरं अक्षर बघायचं. एफ म्हणजे डिअरबॉर्न, मिशिगन. आर म्हणजे सॅन होजे. आणि टी म्हणजे बाबांची."

"आणि तारीख?"

"ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला एक प्लेट असते, त्यावर. फेब्रुवारीला बी."

शोभनाताईंना एवढं पुरलं. उन्हाळ्यात दर रविवारी कुठल्या ना कुठल्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. चकचकीत गाड्या, शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले ढेरपोटे मालक, आणि त्यांच्यामधून फिरणारी ही सुती साडी अन् स्नीकर्समधली बाई. गाडीचा रंग नाही, इंजिन नाही, काही बघायची नाही. काचेवर नाक लावून आतला नंबर वाचायची आणि म्हणायची, "आर आहे. चला." मालक बिचारा तिला गाडीची तारीफ ऐकवायला उठेपर्यंत ही पुढच्या गाडीपाशी. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहणाऱ्या भाच्याला फोन करून तिनं हेही काढून घेतलं, की तो सॅन होजेचा म्हणवणारा कारखाना खरा मिलपिटसला होता आणि आता तिथंही मॉलच आहे. "तुमच्याकडे पण दुकानंच का रे?" असं विचारून तिनं फोन ठेवला.

टीच्या गाड्याही भेटल्या. पण कुणाची ऑगस्टची, कुणाची नोव्हेंबरची. एक बरोबर फेब्रुवारीची, दक्षिण जर्सीतल्या भंगाराच्या आवारात. तिथं झुडपं बाजूला सारून मनोहरराव दाराशी पोचले तेव्हा दाराचा पत्रा गंजानं चाळणी झालेला होता. बोट लावलं तर ढलपी हातात आली. दुसऱ्या एका मालकानं मोठ्या मनानं अस्तर काढून दाखवलं. आत आरशासारखा स्वच्छ, नव्यानं रंगवलेला पत्रा. तेव्हा मनोहररावांच्या लक्षात आलं, की ज्या गाड्या कुणी जपल्या नाहीत त्यांच्यातलं नाव गंजानं खाल्लं, आणि ज्या जपल्या त्यांच्यातलं जपणाऱ्यांनीच घासून काढलं. दोहोंच्या मधली, अर्धवट जपलेली अशी एखादी गाडी हवी होती. अशी असते कुठं? त्यांनी मनातल्या मनात आशा सोडली, पण बायकोला सांगायची त्यांची छाती झाली नाही.

आणि ऑक्टोबरात ती सापडली. पेनसिल्व्हेनियात, ॲलनटाउनच्या पुढे, रे नावाच्या माणसाकडे. रे जुन्या गाड्या दुरुस्त करायचा. ही गाडी त्याची स्वतःची, बारा भानगडींत मागे पडलेली. टी, फेब्रुवारी, आणि तारीखही जुळणारी. नैनानं फोन स्पीकरवर टाकला आणि विचारलं, दाराच्या आत फॅक्टरीच्या काही खुणा पाहिल्यात का कधी?

रे म्हणाला, "हो, काच अडकली होती तेव्हा अस्तर काढलं होतं. पिवळ्या खडूनं काहीतरी होतं. दोन वेडेवाकडे आकार, वर एक रेघ. दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखे."

शोभनाताईंनी पदर तोंडात कोंबला. मनोहररावांनी टेबलाची कड धरली. दोन अक्षरं आणि वरची रेघ!

नैना पुढे बोलणार, इतक्यात आईनं तिचं मनगट पकडलं आणि मान जोरजोरात हलवली. नैनानं कसंबसं सांगितलं, की माझे वडील त्या लाइनवर होते, याच दाराचं अस्तर त्यांनी बसवलं असावं, त्यांना ते आतून बघायचंय. रे भलताच खूश झाला. दोन आठवड्यांनी या म्हणाला, दार तयार ठेवतो.

फोन ठेवल्यावर नैना चिडली. "आई, व्हाय? सांगून टाकलं असतं ना, की इट्स माय सिस्टर्स नेम."

"बघेपर्यंत बोलायचं नाही," शोभनाताई म्हणाल्या. "आधी बोललं की नाट लागतो. एकदा लागलाय."

नैनानं बापाकडे पाहिलं, बापानं जमिनीकडे.

ते दोन आठवडे शोभनाताई कधी नव्हे इतक्या हलक्या झाल्या. ओक ट्री रोडच्या देशी बाजारात जाऊन त्यांनी एक झबलं आणि हिरव्या खणाचं कुंचडं आणलं. दुकानदारानं विचारलं, "कितनी बड़ी है बच्ची?" तर म्हणाल्या, "छोटी है." निघायच्या दिवशी पहाटे उठून त्यांनी बारशाच्या घुगऱ्या केल्या, डबा भरला, आणि वाटभर तो मांडीवर धरून बसल्या.

रेच्या शेडमध्ये गाडी उभी होती. दार काढून सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं होतं, आतली बाजू वर, आणि त्यावर चादर. रे साठीचा, दांडगा, लाजरा माणूस. आज स्वच्छ शर्ट घालून आला होता. मनोहररावांचा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला.

"सर, तुमच्या हाताखाली आलं असेल तसंच तुम्हाला दाखवायचं होतं," तो म्हणाला, आणि त्यानं चादर ओढली.

दार आतून एकसारखं करड्या रंगाचं होतं. वाळूचा फवारा मारून जुना रंग, गंज, डाग, सगळं उडवून त्यानं त्यावर नवा प्रायमर दिला होता. एक ओरखडा नाही, एक ठिपका नाही. सबंध आठवडा खपलो, असं तो अभिमानानं सांगत होता, आणि समोर कुणीच हसत नाही हे त्याला हळूहळू कळत होतं.

शोभनाताईंनी डबा खाली ठेवला. चष्मा पुसला. मग त्या वाकल्या आणि तळहातानं पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपू लागल्या, बोटांना तरी काही लागतंय का ते बघायला. काहीच लागत नव्हतं. त्या पुन्हा पहिल्या टोकाकडे गेल्या.

नैनानं मग रेला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. तो मोठा माणूस मटकन स्टुलावर बसला. "ती मला तपासणीवाल्यांची खूण वाटली. कुणी सांगितलं असतं तर," एवढंच तो दोनतीनदा म्हणाला. नंतर उठून खण धुंडाळत त्यानं पिवळा मेणखडू शोधून आणला आणि मनोहररावांपुढे धरला. तुम्ही परत लिहा, मी त्यावर कधीच रंग देणार नाही, म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. वाईट कुणीच नव्हतं तिथं, हीच तर पंचाईत होती.

मनोहररावांनी खडू घेतला. त्यांनी लिहिलं. लता. वर रेघ ओढली. अक्षर अजून तसंच आलं, ल जरा पसरट, ता सरळ. त्यांनी बायकोकडे पाहिलं. क्षणभर त्यांना खरंच वाटलं, की एवढ्यावर भागेल.

शोभनाताईंनी ते नाव वाचलं.

"अक्षर तुमचंच आहे," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी ती होती हो. तुम्ही इथं लिहीत होता तेव्हा तिकडं ती माझ्या कुशीत श्वास घेत होती. ती असताना लिहिलेलं जगात तेवढं एकच होतं. हे आजचं काय, हे मीही लिहिलं असतं."

त्यांनी खाली ठेवलेला डबा उचलला.

"आणि मीच म्हणाले, सांगू नका," त्या म्हणाल्या. "मीच पुसलं ते."

मनोहररावांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तुझा काय दोष, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. छप्पन्न वर्षं ते स्वतःला हेच म्हणत आले होते, रोज, आणि एकही दिवस त्याचा उपयोग झाला नव्हता. त्यांनी तोंड मिटलं आणि तिच्याजवळ नुसते उभे राहिले.