गुळगुळीत दांड्या

माझ्या दिरांना चकचकीत गोष्टींचं वेड. आमचे हे थोरले, पण सासऱ्यांनी कारखाना धाकट्याच्या हाती दिला, कारण त्याला बोलता येतं. बोलण्यापलीकडे काही येतं का, हे कोणी विचारलं नाही.

भट्टीत माल भाजताना तो ज्यांच्यावर रचतात, त्या सिरॅमिकच्या दांड्या आम्ही बनवतो. त्या खरखरीत दिसतात म्हणून भाऊजींनी भुकटी आणखी बारीक दळायला लावली. प्रयोगशाळा माझ्याकडे. मी नवी दांडी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"भाऊजी, ही थंड असताना मजबूत आहे. पण भट्टीच्या तापात आतले कण एकमेकांवरून सरकतात. कण बारीक केलेत की हे सरकणं वाढतं. वजनाखाली दांडी हळूहळू वाकेल."

"वहिनी, सिरॅमिक कधी वाकतं का? फार तर फुटेल!"

एवढं अडाणीपण इतक्या ऐटीत मी क्वचितच पाहिलंय. गिऱ्हाइकं आली तेव्हा हे महाशय दोन टेकूंवर ठेवलेल्या थंडगार दांडीवर स्वतः उभे राहिले. पोट आत ओढून फोटोसुद्धा काढून घेतला. सगळ्यात जोरात टाळ्या आमच्या ह्यांनीच वाजवल्या.

महिन्याभरात एका गिऱ्हाइकाचा भट्टीवाला आला. त्याने आम्हा सगळ्या घरच्यांसमोर टेबलावर दांडी ठेवली. एकही तडा नव्हता, पण मधोमध झोळीसारखी लोंबलेली. वरचा सगळा माल घसरून वाया गेला होता.

"तुम्ही भट्टी जास्त तापवली असणार," भाऊजी बेधडक म्हणाले. "वहिनी, तुम्ही सांगा यांना."

टेबलाखाली ह्यांनी माझा पाय दाबला. मी पाय काढून घेतला.

"भट्टीचा दोष नाही. कण फार बारीक आहेत. मी आधीच सांगितलं होतं."

सासरे कडाडले, "घरातलं भांडण बाहेरच्यांसमोर?"

"हे घरातलं नाही, बाबा. भट्टीतलं आहे."

दांड्या बदलून द्याव्या लागल्या, दळणही पूर्ववत झालं. भाऊजींना मात्र लाज शिवली नाही. पुढे एका सभेत 'मोठे कण: माझा शोध' असं भाषण त्यांनी ठोकलं. कोणीतरी विचारलं, "मोठ्या कणांनी वाकणं का कमी होतं?" भाऊजींनी घसा खाकरला, पाण्याचा घोट घेतला, मग आशेने माझ्याकडे बघितलं.

मी पहिल्याच रांगेत होते. आरामात छताचा पंखा बघत बसले.