तीन हिसके म्हणजे वर

मंद्रूपच्या पंचक्रोशीत कुणाची मोटर विहिरीत पडली, की लोक आधी बिरदेवला फोन करतात आणि मग देवाला हात जोडतात. बिरदेवला याचा भारी तोरा. चाळीस वर्षं काँप्रेसरची नळी तोंडात धरून तो गढूळ पाण्यात उतरतोय. खाली किती वेळ झाला ते आपली छातीच सांगते, असं तो चारचौघांत म्हणतो, आणि त्यावर कुणी ब्र काढत नाही. त्यामुळे त्याची भाची ऋतुजा दोन मोठाली घड्याळं घेऊन त्याच्या रानात आली, तेव्हा त्याला हसूच आलं.

ऋतुजा अंदमानात डायव्हिंग शिकवते. पुढच्या महिन्यात तिची तुकडी एका बुडालेल्या जहाजापर्यंत उतरणार होती, पासष्ट मीटर खाली.

"म्हंजे किती परस गं?"

"सदतीस होतील, मामा."

परस म्हणजे उभा माणूस. बिरदेवची आजवरची सगळ्यात खोल विहीर बारा परसांची. सदतीस माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी केली आणि वर समुद्र ओतला, हे डोळ्यांपुढे आल्यावर त्याचं हसू मावळलं. त्याची थोरली बहीण म्हाळसाबाई, म्हणजे ऋतुजाची आई, सकाळीच सोलापुरातून फोनवर रडली होती. "तुझं ऐकती ती. नको म्हण तिला. पोरगी वर न्हाय आली तर मी काय करू?" आणि बिरदेवने शब्द देऊन टाकला होता.

पण शब्द पाळायला तोंड उघडावं, तर ही बया थांबेल तर ना! एवढ्या खोलवर साध्या हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो, म्हणून बाटल्यांमध्ये हेलियम मिसळतात. वर येताना ठरलेल्या खोलीवर दुसरी बाटली तोंडाला लावायची, त्याहून वर तिसरी. अंगात मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून जागोजागी थांबायचं. घाई केली, तर उघडलेल्या सोड्याच्या बाटलीगत रक्तात बुडबुडे होतात. माणूस लुळा होतो, नाहीतर जातोच. कुठे थांबायचं, किती वेळ, कोणत्या वायूवर, हा सगळा हिशेब मनगटावरचं हे घड्याळासारखं यंत्र क्षणाक्षणाला करतं. ऋतुजाला दोन्हीतलं एक निवडायचं होतं. बिरदेव ऐकत राहिला. आपण उतरलो ते निव्वळ नशिबावर आणि ही पोर उतरते ती अभ्यास करून, असं त्याला वाटलं, आणि तिचा फार अभिमान वाटला.

"हे बघा. रंगीत पडदा, उन्हातही लख्ख दिसतो. तुकडीतल्या सगळ्यांकडे हेच आहे. ते दुसरं ठोकळ्यासारखं दिसतं, पण त्यातला प्रत्येक इशारा आपल्याला हवा तसा बदलता येतो. मला रंगीतच घ्यावंसं वाटतंय."

"हितं उनात काय बगायचं? गाळ उठला की पडदा दिसतोय व्हय? विहिरीत उतर की."

विहिरीला सात परस पाणी होतं. बिरदेवने लांब बांबूने तळ ढवळून पाण्याचा चहा करून टाकला. ऋतुजाने साध्या हवेची एकच बाटली पाठीला लावली; वायू बदलायचा तो नुसता सरावापुरता, यंत्रावर. रंगीत घड्याळ मनगटाला, बिरदेवचा दोर कमरेला. तळाला जायचं, सहा मीटरवर यायचं, वायू बदलल्याचं बटण दाबायचं आणि तिथेच दहा मिनिटं थांबायचं, असं ठरलं. ती पाण्यात शिरली ती इतकी अलगद, की कडेला बसलेली बेडकीसुद्धा हलली नाही. चाळीस वर्षांत आपल्याला असं उतरायला जमलं नाही, हे बिरदेवने मनातल्या मनात कबूल केलं.

आणि दहा मिनिटं थांबणारी ही पोरगी सहा मीटरवर आल्या आल्या सरळ वरच आली.

तिने तोंडातली नळी काढली. मग म्हणाली, "मामा, मी चुकले. पडदा दिसत नव्हता. घड्याळ मनगटावर तीनदा थरथरलं. त्याचा अर्थ, वायू बदल आणि थांब. पण मी वर आले. समुद्रात असते तर संपलेच असते."

तीन म्हणजे काय ते बिरदेवनेच तिला शिकवलं होतं. दहा वर्षांची असताना, याच विहिरीत, याच कमरेला दोर बांधून. एक हिसका म्हणजे बरं आहे, दोन म्हणजे दोर सोड, तीन म्हणजे वर. तुकडीतल्या कुणाचीच अशी चूक झाली नसती. ती व्हायला बिरदेवची भाचीच असायला हवी.

"मोडून टाक ती सवय," तो म्हणाला.

"मोडत नाही हो. डोकं बंद पडलं तरी हात ऐकतो, अशी सवय आहे ती. यंत्रच बदलते."

काठावर बसून तिने ठोकळा मनगटाला बांधला आणि त्याचे इशारे बदलले. थांबायचं असेल तेव्हा एकच लांब थरथर. सगळे थांबे पुरे झाले, आता जा, एवढ्यासाठीच तीन. बिरदेवने पुन्हा तळ ढवळला, पुन्हा दोर सोडला. या खेपेला दोर सहा मीटरवर थांबला तो थांबलाच. दहा मिनिटं बिरदेव गुडघ्यावर बसून होता आणि त्याच्या छातीला वेळेचा काडीचाही पत्ता नव्हता. मग पाणी हललं आणि ऋतुजा हसत वर आली. "हेच घेते."

बिरदेवचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. पायरीवरून पडलो, असं तो बारा वर्षं सगळ्यांना सांगत आला होता. खरं म्हणजे एकदा तासभर तळाला राहून तो भिऊन एका दमात वर आला होता, आणि संध्याकाळपर्यंत हात गेला होता. डॉक्टरलासुद्धा त्याने हे सांगितलं नव्हतं. आणि ही पोरगी, डोक्यावरून पाणी निथळायच्या आत, चुकले म्हणून मोकळी झाली होती.

त्याने म्हाळसाबाईला फोन लावला.

"अक्का, जाऊ दे तिला. लई शानी हाय. चुकली की सांगती."

"आन् तू रं? तू तर नको म्हननार हुतास की."

"व्हय," बिरदेव म्हणाला. "अक्का, माजा हात पायरीवरनं पडून न्हाय गेला."