गॅरेटचा नंबर

कॉलेजवाल्यांनो, तुम्ही त्या मुलांना फसवलंत. खेळायला बोलावलंत आणि माझ्यावर आणून बसवलंत.

मी बाक बोलतोय. आयोवातल्या एका छोट्या कॉलेजच्या बेसबॉल मैदानाकडेचा, पाइनच्या फळ्यांचा. जुन्या विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्यात मला ठोकून तयार केलं, तेव्हा संघात वीसेक मुलं होती. सगळी माझ्यावर मावायची. पुढे कॉलेजला विद्यार्थी मिळेनासे झाले आणि कुणाला तरी युक्ती सुचली: संघात जागा देतो म्हटलं, की मुलं पूर्ण फी भरून येतात. मैदानात खेळणार नऊ, संघात साठ! निम्मी उभीच राहायची. सूर्यफुलाच्या बिया चघळायची, टरफलं माझ्या पायाशी थुंकायची आणि वाट बघायची.

अभ्यासात मात्र हा संघ कॉलेजात पहिला. नापास झालास तर बॅट नाही, हा रस्मुसन कोचचा नियम. गॅरेट चार वर्षं माझ्यावरच बसून होता. सामना चालू असताना इतरांना संख्याशास्त्र समजावून द्यायचा. मुलं त्याला ‘बाकमास्तर’ म्हणायची. त्याला एकदाही बॅटिंग मिळाली नव्हती.

या वसंतात कॉलेजनं संघ बंद केला. परवडत नाही म्हणे! साठ जणांची फी ती कॉलेजची कमाई, आणि बस, चेंडू, कोचचा पगार हा तेवढा बेसबॉलचा खर्च. असा हिशोब मांडणाऱ्याला आमच्या गॅरेटनं नापास केलं असतं.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाला खेळवायची रीत. पण तीच मुलं नवापेक्षा कितीतरी जास्त. गॅरेटचा नंबर सगळ्यात शेवटी. त्याची आई मिनेसोटाहून गाडी हाकत आली होती.

सातव्या डावात आम्ही नऊ धावांनी पुढे. आघाडी दहाची झाली, की सामना तिथंच संपतो. डेव्हन बॅट घेऊन निघाला. त्याच्यानंतर गॅरेट.

“बाकमास्तर उठले! सांभाळा रे, बाक उलटेल!” कुणीतरी ओरडलं.

“डेव्हन, गधड्या, जपून मार,” गॅरेट हेल्मेट चढवत म्हणाला. “पहिल्या बेसवर जाऊन गप उभा राहा. सामना संपवू नकोस.”

“मी कधी कुंपणापलीकडे मारलाय का?”

खरंच, कधीच मारला नव्हता. त्या दिवशी मारला. आघाडी दहाची झाली आणि सामना तिथंच संपला.

सगळे आरडाओरडा करत मैदानात धावले. गॅरेटही धावला, डेव्हनला पहिली मिठी त्यानंच मारली. मग परत येऊन, हेल्मेट न काढता, नेहमीच्या जागी बसला. त्याची आई जाळीपाशी अजून मोबाइल धरून उभी होती.

“सॉरी रे,” डेव्हन शेजारी येऊन म्हणाला.

“छान मारलास,” गॅरेट म्हणाला.

आता मैदानात गुडघाभर गवत आहे. मला देणगीदाराच्या नावाची पट्टी ठोकून बागेत मांडू नका. आणि कुठल्याही मुलाला जागा देताना आधी खरं सांगा: मैदानात, की बाकावर?

काल भंगारवाला ट्रक घेऊन आला. त्यानं माझ्या फळ्यांवरून हात फिरवला.

“केवढा झिजलाय हा!” तो म्हणाला. “यांची पोरं खेळायची तरी कधी?”