पहिली वेलांटी

डिंक्याने साबणाच्या पाण्याचा फवारा मोटारसायकलच्या हेडलाइटवरच्या काळ्या प्लास्टिकवर मारला आणि हातातल्या स्टिकरकडे पुन्हा एकदा पाहिलं. बोटभर उंचीची पांढरी अक्षरं, आणि सगळी उलटी. तशी ती त्यानेच मशीनवर कापली होती, आरशात दिसतात तशी, कारण गिऱ्हाइकाने तसंच सांगितलं होतं. पण का सांगितलं, हे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट पोटात ठेवून काम करणं त्याला जमत नसे.

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, ते कुणी वाचत नसे. स्टिकरचा धंदा म्हणून डिंक्या, आणि एकदा चौकशीला लागला की सुटत नाही म्हणूनही डिंक्याच. कुणी टाकीवर वाघ लावून घेतला तर वाघच का, कुणी मडगार्डवरचं नाव खरवडून काढायला सांगितलं तर ती आता कुठे असते, हे विचारल्याशिवाय तो गाडी सोडत नसे.

"काका, ॲम्ब्युलन्सवर असतात तशी अक्षरं. पेशंट नेणार आहात का?"

काका स्टुलावर बसले होते. सत्तरीचे, सडपातळ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

"पुढे जो चालला असेल त्याला त्याच्या आरशात सरळ वाचता यावं म्हणून."

"पुढे कोण चाललंय?"

"बायको."

डिंक्याने फवारा खाली ठेवला. आता खरी मजा होती.

काकूंनी साठीला दोन वर्षं उरलेली असताना स्कूटर घेतली होती. घेतली म्हणजे काकांनीच मागे लागून घ्यायला लावली. त्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या आणि छापखाना आता गावाबाहेर गेला होता, नऊ किलोमीटर. पहिले काही दिवस धीर यावा म्हणून काका आपल्या मोटारसायकलवर त्यांच्या मागून जायचे.

"पण ती आरशात बघतच नाही. दर दोन मिनिटांनी मान वळवून मागे बघते, मी आहे की नाही ते. परवा उभ्या टेम्पोवर जाता जाता वाचली. थोडक्यात निभावलं."

डिंक्याने अक्षरं जुळवून जुळवून वाचली. मी मागेच आहे.

"पण काका, जी आरशात बघेल तिलाच हे वाचता येणार. आणि काकू तर बघतच नाहीत म्हणता."

"वळून बघितलं की काय दिसेल? उलटी अक्षरं. जन्मभर लोकांच्या चुका काढत आलीय ती. न वाचता येणारं अक्षर समोर असलं तर तिला अन्न गोड लागणार नाही. बघेल आरशात, आणि एकदा बघितलं की सवय लागेल." काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "महिनाअखेरपर्यंत तिला एकटीने जाता आलं पाहिजे."

"एवढी घाई का?"

"मला काय नेहमीच जमणार आहे?"

हे उत्तर नव्हतं, हे डिंक्याला कळलं. पण त्याच वेळी, चिकटवलेल्या स्टिकरवरचा कागद सोलताना 'मी'ची वेलांटी कागदाबरोबर आली आणि फाटली. त्याने जीभ चावली, उरलेल्या तुकड्यातून नवी वेलांटी कापली, चिमट्याने जागेवर बसवली, पट्टी फिरवून पाणी आणि फुगे बाहेर काढले.

"एकदा बघून घ्या काका. उलटं असलं की माझं डोकं चालत नाही."

"अरे, उलटं वाचण्यात माझा हात कोण धरणार? चाळीस वर्षं खिळे जुळवलेत मी. शिशाची अक्षरं, एकूण एक उलटी. मला सरळ वाचायलाच वेळ लागतो."

ते उठले, प्लास्टिकला नाक लागेल इतके वाकले. मान थोडी डावीकडे नेली, थोडी उजवीकडे.

"झकास," ते म्हणाले. "अगदी बरोबर."

आठ दिवसांनी दुपारी एक स्कूटर दुकानासमोर थांबली आणि तिच्यामागे काकांची मोटारसायकल. काका गाडी लावून समोरच्या पायरीवर सावलीत बसले. काकू हेल्मेटसकट आत आल्या.

"ते स्टिकर तुम्ही केलंत?"

"हो काकू. आरशात दिसतं ना?"

"दिसतं की! आठ दिवस दिसतंय. डावीकडे बघावं तर डाव्या आरशात, उजवीकडे बघावं तर उजव्या. रोज नऊ किलोमीटर जाताना आणि नऊ किलोमीटर येताना माझ्यामागे ऱ्हस्व 'मि' लागलाय!"

काकांची युक्ती लागू पडली होती आणि डिंक्याला हसू आवरेना. त्याने खणातला हातआरसा घेतला, बाहेर जाऊन मोटारसायकलसमोर धरला आणि त्याचं हसू गेलं. 'मी'ला पहिली वेलांटी होती. फाटलेल्या वेलांटीच्या जागी नवी लावताना हाताने सवयीप्रमाणे उजवी बाजू धरली होती, आणि उलट्या अक्षराला ती डावीकडे हवी होती.

"चुकलं काकू," आत येऊन तो म्हणाला. "पाच मिनिटांत करून देतो."

"थांबा." काकूंनी हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, उलट डोळ्यांत मिश्कील काहीतरी होतं. "मला एवढंच सांगा, ह्यांनीच तुम्हाला तशी लावायला सांगितली ना? छापखान्यात असताना हे पानात एखादी चूक मुद्दाम सोडायचे. मी प्रूफ घेऊन खाली यावं म्हणून. सगळ्या छापखान्याला ठाऊक होतं, मलाच लग्न ठरल्यावर कळलं. आठ दिवस वाट बघतेय, आता हसतील, मग हसतील."

"नाही हो. चूक माझी. काकांना तर मी दाखवलं होतं."

"आणि?"

"नाक टेकवून बघितलं त्यांनी. म्हणाले, अगदी बरोबर."

काकूंनी काउंटरवर पडलेल्या एका अक्षराच्या कडेवरून नख फिरवलं. मग ते अक्षर उचलून दुसरीकडे ठेवलं.

"नाक टेकवून," त्या म्हणाल्या.

बाहेर काका पायरीवर बसले होते. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी हात केला, काकांनी तो गेल्यावर थोड्या वेळाने हात वर केला.

"दोन महिने झाले, सकाळी पेपर मला मोठ्याने वाचायला लावतात. म्हणतात, तुझ्या आवाजात बातम्या बऱ्या वाटतात." काकू बाहेर पायरीकडे बघत होत्या. "आणि मी लाडात येऊन वाचतेय. चुका काढण्यात जन्म गेला माझा, आणि हे नाही दिसलं मला."

डिंक्याला विचारण्यासारखं बरंच होतं. महिनाअखेरची घाई आत्ता त्याच्या ध्यानात आली. त्याने काही विचारलं नाही.

"असे रोज माझ्यामागे गाडी चालवताहेत," काकू म्हणाल्या. त्यांनी पदराने चेहरा पुसला आणि हेल्मेट उचललं. "ही गाडी आज इथून हलता कामा नये. काय सांगायचं ते मी सांगते, तुम्ही हो म्हणा."

दोघं बाहेर आले. काका पायरीवरून उठून गाडीपाशी आले.

"काय झालं?"

"स्टिकरमध्ये चूक आहे," काकू म्हणाल्या. "गाडी दोन दिवस ठेवावी लागेल म्हणतात."

"एका स्टिकरला दोन दिवस?"

"हो काका," डिंक्या म्हणाला. "मशीन बंद पडलंय."

आत मशीन कुणाच्या तरी टाकीसाठी गरुड कापत होतं. त्याची करकर रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. काकांनी ती घटकाभर ऐकली.

"कसली चूक?"

"'मी'ला पहिली वेलांटी लागलीय," काकू म्हणाल्या. हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की चूक जणू त्यांचीच होती.

काका गाडीसमोर गेले. या वेळी ते वाकले नाहीत. त्यांनी अंगठा स्टिकरच्या उजव्या टोकाला ठेवला आणि डोळे मिटून कडेकडेने हळूहळू सरकवला. वेलांटीच्या दांड्यावर अंगठा थांबला. तो एकदा वर गेला, एकदा खाली आला. डिंक्याने मान खाली घालून साबणाची बाटली उगाच हलवली.

काकांनी खिशातून किल्ली काढली आणि डिंक्याच्या हातावर ठेवली.

"दोन दिवसांत नाही व्हायचं ते," ते म्हणाले. "सावकाश कर."

काकू स्कूटरवर बसल्या होत्या. काका मागच्या सीटवर एक पाय पलीकडे टाकून बसले आणि तसेच दोन्ही पाय जमिनीला टेकवून राहिले. स्वतःच्या गाडीवर जन्म काढलेला माणूस, कुणाच्या मागे बसायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"अगं, पाय कुठे ठेवायचे असतात?"

काकूंनी स्टँड लावला, उतरल्या, त्यांच्यापाशी रस्त्यावर बसल्या आणि आधी एका बाजूचं पायठाण उघडून दिलं, मग दुसऱ्या बाजूचं.