उताऱ्यात आहे तेवढंच

धाकट्या नणंदेचे लग्न झाले त्या वर्षाची ही गोष्ट. नणंद सासरी गेली आणि संध्याकाळी सासूजवळ बसायचे काम सुनेच्या गळ्यात पडले. काचबिंदूने सासूचे दोन्ही डोळे नेले होते. उजेड आणि अंधार एवढेच तिला कळायचे. आणि नेमके त्याच वर्षी सुनेने इंग्रजीच्या एम.ए.ची प्रवेश परीक्षा पुन्हा अंगावर घेतली होती.

"मग? तेल संपलं, आणि पुढे?" सासूने विचारले.

"पुढे काही नाही, आई. उतारा संपला."

"असा कसा संपला? दिवा विझायला आलाय, समोरून जहाज येतंय, आणि संपला?"

"खाली प्रश्न आहेत. दीपगृहाच्या रखवालदाराचा स्वभाव कसा होता, चार पर्यायांतून निवडा."

"स्वभाव गेला खड्ड्यात! जहाज फुटलं की वाचलं?"

सुनेने पुस्तक मांडीवर आपटले. ते सरावाचे जाडजूड पुस्तक म्हणजे एक वैतागच होता. कुठल्या कुठल्या ग्रंथांतून कापून आणलेले तुकडे, ना शेंडा ना बुडखा. गोष्ट रंगात आली की खाली रेघ, आणि रेघेखाली प्रश्न. सुरुवातीला सून नुसते इंग्रजी मोठ्याने वाचायची. सासू म्हणाली, "कानाशी नुसती कटकट काय करतेस? अर्थ तरी सांग." सुनेला वाटले, बरेच झाले, आपलाही सराव होईल आणि म्हातारीचाही वेळ जाईल. कुठून दुर्बुद्धी सुचली आणि अर्थ सांगायला बसलो, असे तिला आता रोज वाटत होते.

"वाचलं जहाज," ती म्हणाली. "रखवालदारानं आपलं अंथरूण पेटवलं. जहाजवाल्यांना उजेड दिसला. मग तो घरी गेला."

"अंथरूण जाळून घरी गेला? बायकोनं विचारलं असेल की!"

"आई, मला कुकर लावायचाय."

सून एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर माणसांना यंत्रापुढे उभे करायचे, हनुवटी वर घ्या म्हणायचे, आणि "श्वास धरा… सोडा" असा पुकारा करायचा. दवाखान्यात तिला धराबाई म्हणत. फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्याखाली, ती शब्द पाठ करायची. हात औषधात, ओठ शब्दांत. एकदा डॉक्टर बाहेरून ओरडले, "धराबाई, आत कोण आहे?" ती म्हणाली, "कोणी नाही, साहेब. मी आणि इंग्रजी."

बी.ए. तिने घरी बसून, बाहेरून परीक्षा देऊन केले होते. त्याआधीचा एक्स-रेचा अभ्यास म्हणजे यंत्राशेजारी उभे राहून शिकलेले काम. शाळा सुटल्यापासून ती वर्गात अशी बसलीच नव्हती. फळ्याकडे तोंड करून, शेजारच्याला कोपर लागेल अशा बाकावर बसून, कोणी शिकवतेय आणि आपण ऐकतोय, असे एकदा तरी व्हावे एवढीच तिची इच्छा होती. गेल्या वर्षी ती परीक्षेत आपटली होती. यंदा दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी संध्याकाळच्या वर्गांसाठी तिला दिवसपाळी लावून द्यायचे कबूल केले होते, पण बजावूनही ठेवले होते: "एकदाच, बाई. पुढच्या वर्षी माझ्याकडे येऊ नका."

उताऱ्यांपेक्षा शब्द बरे, असे वाटावे तर तिथेही सासू मध्ये होतीच.

"रिलक्टंट. म्हणजे नाखुशीनं करणारा. मनात नसताना उठणारा."

"तुझा नवरा. बादली भरायला सांग, की बघ."

नवरा बस चालवायचा. तो आतून ओरडला, "मी ऐकतोय हं, आई!"

"ऐकतोयस, पण उठलास का? पुढचा घे गं."

"फ्रुगल. काटकसरी."

"तुझी नणंद. साबणाच्या उरलेल्या तुकड्याला नवा साबण चिकटवते. पुढे?"

"गॅरुलस. अतिशय बडबड करणारी व्यक्ती."

सासूने पदर सारखा केला. "पुढचा घे," ती म्हणाली.

आत नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला.

शनिवारी क्लासमध्ये सराव परीक्षा झाली; तिथे शिकवणे नव्हतेच, दर शनिवारी नुसता पेपर सोडवून घेत. क्लासचे सर सुनेपेक्षा वयाने लहान होते आणि मुले त्यांना मागून पर्यायसर म्हणत, कारण चहा घ्यायचा की नाही हेसुद्धा ते चार पर्याय मांडून ठरवतील असा त्यांचा चेहरा होता. त्यांनी त्याच पुस्तकातले उतारे दिले होते. सुनेला आनंद झाला. सगळे ओळखीचे! तिने भराभर खुणा केल्या आणि सगळ्यांआधी पेपर दिला.

"बाई, उभ्या राहा," सर म्हणाले. "रखवालदाराजवळ जाळण्यासारखं काय उरलं होतं? तुम्ही लिहिलंत, अंथरूण. हे अंथरूण कुठून आलं?"

सुनेची नजर उताऱ्यावरून भराभर फिरली.

"उताऱ्यात अंथरूण नाही. आणि हा लंगड्या घोड्याचा व्यापारी. घोड्याचं काय झालं, 'सांगता येत नाही' हा पर्याय समोर दिसत असताना तुम्ही घोडा विकून मोकळ्या! कोणी घेतला हो?"

"न्हाव्यानं," सुनेच्या तोंडून निघून गेले.

वर्गात हशा पिकला. सगळी पोरे वीस-एकवीस वर्षांची. मागून एक मुलगी म्हणाली, "काकू, न्हावी घोडा घेऊन काय करणार?" सर हसले नाहीत, हे आणखी वाईट. ते शांतपणे म्हणाले, "बाई, उताऱ्यात आहे तेवढंच. मनातलं घालायचं नाही. अशानं तुम्ही यंदाही बसणार बाहेर."

सून घरी आली ती तळपायाची आग मस्तकात घेऊनच.

"आजपासून शेवट बंद," तिने चपलाही न काढता सांगितले. "मी वाचीन, अर्थ सांगीन, पण रेघ आली की संपलं. पुढे काय झालं, कोण घरी आलं, मला विचारायचं नाही. तुमच्यापायी माझं वर्ष जाईल."

"माझ्यापायी?"

"मग कोणापायी? चांगला शिकलेला मेंदू, त्यात तुमची जहाजं आणि घोडे भरून ठेवलेत!"

सासू भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सून वाचायला बसली तसा सासूने हात लांबवून रेडिओ लावला. सुनेने आवाज चढवला. सासूनेही रेडिओचा कान पिळला. असे बरेच दिवस चालले. नवरा दोघींच्या मध्ये जेवायला बसायचा आणि म्हणायचा, "रस्त्यावर परवडलं. तिथे निदान हॉर्न वाजवता येतो."

एका संध्याकाळी वीज गेली आणि रेडिओ गप्प झाला. सून मेणबत्ती लावून वाचत होती. एका बाईने पूर आलेल्या नदीपलीकडे आपली शेळी ओरडताना ऐकली, आणि रेघ आली. सुनेने पान उलटले.

"मला माहीत होतं," सासू भिंतीकडूनच म्हणाली.

"काय?"

"शेवट तू मनानं करतेस ते. जो तो आपला घरी जातो. रखवालदार घरी, घोडेवाला घरी, तो तुरुंगातला चोरसुद्धा घरी. एवढ्या मोठ्या पुस्तकात सगळ्यांना घरीच जायचं असतं होय?"

सुनेला हसू आले आणि रागही आला. "स्वयंपाक राहिलेला असतो, आई. घरी आणला की गोष्ट मिटते."

"मग मला सांगू दे ना. मला कुठे स्वयंपाक आहे?"

त्या दिवसापासून असे ठरले: आधी सुनेने रेघेपर्यंत वाचायचे, प्रश्न सोडवायचे, उत्तरे ताडून पाहायची. तोवर सासूने ब्र काढायचा नाही. मग पुस्तक मिटायचे, आणि शेवट सासूने सांगायचा. सासूच्या गोष्टीत कोणी सुखासुखी घरी जात नसे. शेळीवाली बाई पलीकडे पोचली तर शेळी दुसऱ्याच कोणाची निघाली. मग त्या दुसऱ्याशी भांडण, भांडणातून सोयरीक, सोयरिकीतून पुन्हा भांडण. "आई, आवरा," सून म्हणायची. "दूध उतू जातंय." "जाऊ दे. अजून नवरदेव यायचाय." सुनेच्या नाकी नऊ आले. पण सराव परीक्षेत अंथरूण पुन्हा आले नाही, आणि पर्यायसर एकदा नुसतेच मान हलवून पुढे गेले.

परीक्षा जवळ आली तेव्हा सासूच्या गोष्टी आपोआप आखूड झाल्या. खोकला मध्ये यायचा. सुनेने तिला दवाखान्यात नेले आणि स्वतःच यंत्रापुढे उभे केले.

"केवढं गार आहे गं हे!"

"छाती टेकवा. हनुवटी वर. श्वास धरा."

"किती वेळ?"

"बोलू नका ना, आई! फिल्म वाया गेली."

"मग आधी सांगायचं. लोकांना कशी सांगतेस?"

"लोक ऐकतात!"

दुसरी फिल्म नीट आली. सुनेने अंधाऱ्या खोलीत ती धुतली. तिथे रोज ओठांवर येणारा एकही शब्द त्या दिवशी आला नाही. फिल्म उजेडाच्या काचेवर लावली आणि ती तिथेच उभी राहिली. अशा फिल्मा तिने किती पाहिल्या होत्या.

सासू बाहेर बाकावर बसली होती. पावलांच्या आवाजावरून तिने मान वळवली. "काय निघालं?"

"डॉक्टर सांगतील."

"तुला दिसत नाही?"

"दिसतं."

"मग सांग की."

"उजव्या बाजूला पांढरा डाग आहे. मोठा आहे."

"आणि पुढे?"

"पुढचं फिल्ममध्ये नसतं, आई."

सासूने हाताने चाचपून काठी शोधली. "बरं," ती म्हणाली. "चल घरी. आजचे शब्द राहिलेत."

डॉक्टरांनी नंतर सांगितले ते नवऱ्याने ऐकून घेतले: फुप्फुसात गाठ आहे, वाढलेली आहे, आता त्रास कमी करणे एवढेच हातात. त्या संध्याकाळी सून पुस्तक न घेताच सासूजवळ बसली.

"मी यंदा परीक्षा देत नाही," ती म्हणाली.

"का?"

"का काय विचारता?"

"माझ्या नावावर खपवू नकोस," सासू खोकत, चिडत म्हणाली. "नापास व्हायचं तर स्वतःच्या नावावर हो. मला मेल्यावरसुद्धा लोकांच्या तोंडी सुनेचं वर्ष बुडवणारी व्हायचं नाहीये. शब्द घे."

"आई…"

"ऑब्स्टिनेट म्हणजे काय होतं? परवा सांगितलंस ते."

"हट्टी."

"हां. तू. पुढचा."

परीक्षेच्या दिवशी नणंद येऊन बसली. पेपरात विहीर खणणाऱ्या एका माणसाचा उतारा होता. तो खाली खणत होता, दोरी अपुरी पडत होती, वरून त्याचा भाऊ परत ये म्हणत होता, आणि रेघ. सुनेने दात आवळून उताऱ्यात होते तेवढेच लिहिले. पाणी लागले का, या प्रश्नाला 'सांगता येत नाही' याच पर्यायापुढे खूण केली आणि तिला पेपर तयार करणाऱ्याचा मनस्वी राग आला.

घरी सासूने उशीवरून विचारले, "काय होतं आज?"

सुनेने विहिरीचे सांगितले. सासूने शेवट सांगायला तोंड उघडले, पण दम पुरला नाही. "तूच कर," ती म्हणाली. "मात्र त्याला घरी आणशील तर बघ."

सून विचारात पडली. "तो वर आलाच नाही. भावानं आपलं धोतर सोडून दोरीला बांधलं."

"भर गावात?"

"भर गावात. बायका तोंड फिरवून उभ्या."

सासू हसली. हसताना तिला कळ आली आणि कळ येताना तिने सुनेलाच एक शिवी दिली.

निकाल लागला. यादीत सुनेचे नाव शेवटून दुसरे होते, पण यादीत होते. सासूने विचारले, "शेवटची कोण?" सून म्हणाली, "ती क्लासात मला हसलेली मुलगी." यावर सासूला इतके समाधान वाटले की त्या दिवशी ती पेजेचे दोन घोट जास्त प्याली.

वर्ग सुरू झाले. नणंद काही महिन्यांसाठी माहेरी राहायला आली आणि संध्याकाळी आईजवळ बसू लागली. सून कामावरून थेट वर्गात जायची. बाक अरुंद होता, गुडघे फळीला लागायचे, आणि ती शेवटची मुलगी शेजारीच बसून तिच्या वहीत डोकवायची. "काकू, जरा हात काढा ना," म्हणायची. सून रात्री चिडून घरी सांगायची, "कोपरं मारते मेली." सासू डोळे मिटून विचारायची, "आणि शिकवणारा?" सून सांगायची. सगळे सांगायची, फळा पुसायच्या चिंधीपर्यंत.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात, एका गुरुवारी संध्याकाळी, सासू वारली. नणंद उशाशी होती. नवरा बसवर होता. सून वर्गात होती.